फुकट ई-पुस्तकं वाचताय? मग या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आईनं मोबाईलवर पुस्तक वाचायचं मनावर घेतलं. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आमच्या कोल्हापूरकडं चार-चार दिवस बाहेर पडणं होत नाही, मग वाचनालयात कोण जाणार. मी तिला साने गुरुजींची श्यामची आई डाऊनलोड करून दिली आणि कामाला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर मोबाईल बाजूला ठेवलेला आणि आई म्हणते, "बाळा, अक्षर मुंगीएवढं हाय, मोठं करायला गेलं की ओळ पडद्याच्या भाईर जातीया. मला न्हाई जमायचं."

आईचं काही चुकलं नव्हतं, मी फाईलच चुकीची दिली होती. ती स्कॅन केलेली पीडीएफ होती, म्हणजे छापील पानाचा फोटोच. फोटो मोठा केला की सगळंच मोठं होतं आणि प्रत्येक ओळीला बोटानं डावीकडं-उजवीकडं सरकवत बसावं लागतं, असं दोन पानं वाचली की कुणीही कंटाळतं. मोबाईलवर वाचायचं असेल तर ईपब फाईल बघा. तिच्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप पडद्यात बसतात. मराठी विकिस्रोत या साईटवर पुस्तक उघडलं की डाऊनलोडमधनं थेट ईपब मिळते, लॉगिन नको काही नको. श्यामची आई तिथं आहे, जोतीराव फुल्यांचा शेतकऱ्याचा असूडपण आहे. उघडायला मी रीडएरा ॲप वापरतो, जाहिराती नाहीत आणि पीडीएफ-ईपब दोन्ही चालतात.

आता कधी कधी पीडीएफशिवाय दुसरं काही मिळतच नाही, जुन्या पुस्तकांचं तर बहुतेक असंच असतं. मग मोबाईल आडवा धरा आणि ॲपमध्ये मार्जिन कापायची सोय असते ती चालू करा, पानाच्या कडेची पांढरी जागा गेली की अक्षर बऱ्यापैकी मोठं होतं. घरात टॅब असेल तर सरळ त्यावर घ्या.

दुसरी चूक मला जास्त लागते, कारण ती आपल्याच माणसांच्या बाबतीत होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर, टेलिग्रामवर गाजलेल्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ फिरतात आणि आपण फुकट मिळालं म्हणून पुढं ढकलतो. भारतात १९५७ चा कॉपीराईट कायदा आहे, त्यानुसार लेखक हयात असताना छापलेल्या पुस्तकावरचा हक्क तो गेल्यावर ६० वर्षं टिकतो आणि ही वर्षं मोजायची पुढच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० साली गेले म्हणून त्यांची पुस्तकं २०११ पासून सगळ्यांसाठी खुली झाली. पण वि. स. खांडेकर गेले १९७६ साली, म्हणजे २०३६ संपेपर्यंत हक्क आहे. कोवाडचे रणजित देसाई १९९२, आजऱ्याचे शिवाजी सावंत २००२, म्हणजे हिशोब अनुक्रमे २०५२ आणि २०६२ पर्यंत जातो. ही सगळी आपल्या मातीतली माणसं, त्यांची पुस्तकं विकत घ्या, नाहीतर करवीर नगर वाचन मंदिरातनं आणा, १८५० पासनं ते वाचनालय याच कामासाठी उभं आहे.

आणि नवीन लेखकांचं फुकट वाचायचंच असेल तर ई-साहित्य प्रतिष्ठान बघा, तिथं लेखकांनी स्वतः परवानगी देऊन पुस्तकं ठेवलेली असतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साईटवर मंडळाची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. विश्वकोश तर सगळा ऑनलाईन आहे. पोरांची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या साईटवर. इंग्रजीसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग, १९७१ पासनं चालू आहे, पण तिथं मराठी शोधण्यात वेळ घालवू नका.

"शोधलं पण सापडलंच नाही" ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो, ती इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाईन संग्रहाबद्दल असते. तिथं डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची स्कॅन केलेली पुस्तकं ढिगानं आहेत, हरिभाऊ आपट्यांच्या काळातली, जी आता दुकानात बघायलासुद्धा मिळत नाहीत. पण यादीत नावं बहुतेक रोमन लिपीत आहेत आणि स्पेलिंगचा काही नेम नाही, कुठं आपटेला एक पी तर कुठं दोन, कुठं मध्येच जादाचा ए. देवनागरीत टाईप करून काही आलं नाही की माणूस सोडून देतो, तसं करू नका. फक्त आडनाव टाका, मग नावातला एकच शब्द टाका, तीन-चार स्पेलिंग करून बघा आणि भाषा मराठी अशी निवडा. सापडलं की तिथली ईपब मात्र घेऊ नका, वर मी ईपब घ्या म्हटलं असलं तरी. ती मशीननं फोटोवरनं ओळखून केलेली असते आणि जुन्या देवनागरी छपाईत तिची फार गल्लत होते, जोडाक्षरांचा तर पार चुराडा. तिथं पीडीएफच घ्या, पण फाईल मोठी असते म्हणून वायफायवर.

डाऊनलोडची चार-पाच हिरवी बटणं दिसणाऱ्या साईटवरनं लगेच बाहेर पडा. पुस्तकाची फाईल एपीके, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप बसवायची फाईल, कधीच नसते. फुकट पुस्तकासाठी कार्ड नंबर किंवा ओटीपी मागत असतील तर सोडून द्या.

अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर फाईल बिघडली म्हणून डिलीट करू नका, आधी ॲपमध्ये फॉन्ट बदलून बघा, नोटो किंवा मुक्ता (Mukta) हे फॉन्ट चालतात. डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं जुळवायच्या, जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या पीडीएफमध्ये वाचताना सगळं ठीक दिसतं, पण शब्द शोधला की सापडत नाही आणि कॉपी केलं की भलतंच काहीतरी उमटतं, तिथं आपल्या हातात काही नाही, फक्त वाचायचं. ॲमेझॉनचं किंडल हे वाचनयंत्र असेल तर त्याची जुन्या प्रकारची मोबी फाईल शोधत बसू नका, ॲमेझॉनच्याच सेंड टू किंडल या सोयीवरनं ईपबच पाठवा, आता तीच चालते.

आईला आता मी ईपब आणि मोठं अक्षर लावून दिलंय, आणि डोळे दुखले की मोबाईलच वाचून दाखवतो. गुगलच्या आवाजात मराठी आहे, सेटिंगमध्ये एकदा भाषा डाऊनलोड करावी लागते. स्कॅनवाली पीडीएफ असली तर हे होत नाही, फोटोतली अक्षरं त्याला वाचता येत नाहीत, म्हणून पुन्हा ईपबच.

एक राहिलं. कोयना एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं असेल तर पुस्तक आदल्या रात्रीच घरी उतरवून घ्या आणि फाईलचं नाव बदलून ठेवा, नाहीतर डाऊनलोडमध्ये नुसते आकडे दिसतात आणि आपलं पुस्तक कुठलं ते कळत नाही. मग एअरप्लेन मोड लावून एकदा उघडून बघा. उघडलं तर घाटात रेंज गेली तरी वाचता येतं.