एमजीबीचे मागचे पाटे बदलायचेत? आधी टेप काढा

जुनी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, मागून बसली की पहिला संशय पाट्यांवर, म्हणजे पोलादी पानं एकावर एक रचलेल्या स्प्रिंगांवर जातो. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी बनली, पण सगळ्यांचे पाटे काही सारखे नाहीत. म्हणून ऑर्डर देण्याआधी गाडी कुठली ते ठरवा. १९६५ मध्ये आलेल्या जीटी या प्रकाराला वर पत्र्याचं छत आणि मागे काचेचं दार. वजन जास्त, म्हणून पाटेही कडक. १९७४ च्या शेवटी काळे रबरी बंपर आले, तेव्हा अमेरिकेतल्या नियमांपायी गाडी इंच-दीड इंच उचलली गेली. त्या उंच गाडीचे पाटे आधीच्या क्रोम बंपरच्या उघड्या गाडीला घातले तर मागचा भाग टाचा उंचावल्यासारखा दिसतो. नुसत्या बंपरवर मात्र विसंबू नका. कितीतरी मालकांनी रबरी काढून क्रोम लावलेत आणि पाटे तेच ठेवलेत.

आता मापं. गाडी सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर, डिकी रिकामी. जॅकवरून उतरवलेली गाडी थोडा वेळ उंचच राहते, तेव्हा ती दोन-चार मीटर पुढे-मागे ढकला. मग चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांवर मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरचा आकार घोळ घालतो. चारही का? पुढची एक स्प्रिंग मऊ पडली की तिरक्या कोपऱ्यातली मागची बाजू उचललेली दिसते आणि दोष बिचाऱ्या पाट्यावर येतो.

खाली वाकून तडा गेलेलं पान, कुजलेले बुश (पाट्याच्या टोकांतली रबरं), वाकडे शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) बघा. क्रोम बंपरच्या गाडीत वजनाखाली पाटा जवळपास सरळ दिसला तर घाबरू नका, तो तसाच असतो.

निवडताना पानं मोजून काही कळत नाही. जाडी आणि कमान महत्त्वाची. विक्रेत्याला मॉडेल आणि वर्ष सांगून मूळ उंचीचेच पाटे मागा. 'स्पोर्ट्स' म्हणून विकले जाणारे कडक पाटे मी तरी रोजच्या रस्त्याला घेणार नाही. जुने लिव्हरवाले शॉक ॲब्सॉर्बर त्यांना आवरू शकत नाहीत. ट्रकच्या गॅरेजात जुन्यालाच कमान मारून घ्यायचा मोह होतो, पण नीट पाणी न दिलेला, म्हणजे तापवून-थंड करून कडक न केलेला पाटा पुन्हा बसतो.

घ्यायचे ते जोडीनेच. सोबत नवे बुश, रबरी पॅड आणि पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट, नटांसह. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात. बसवताना गाडी स्टँडवर आणि ॲक्सलला वेगळा आधार. पानं एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसलंय ना, ते बघूनच यू-बोल्ट आवळा. बुशचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच पक्के करा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

नवे पाटे सुरुवातीला उंच वाटतील. काहीशे किलोमीटर चालवा, यू-बोल्ट पुन्हा आवळा आणि मगच वहीतल्या मापांशी ताडून बघा.