ऑफ_टी छापायचा कसा?

नोकरीला लागून चारच महिने झाले होते. फाईलचा आकार आणि तिचं नाव लॉगमध्ये छापायचं, एवढंच काम. सी भाषेत फाईलची माहिती देणाऱ्या स्टॅट फंक्शनकडून आकार येतो, त्याचा प्रकार ऑफ_टी. तो मी प्रिंटएफमध्ये %एलडीने, म्हणजे लाँग या पूर्णांकाच्या फॉरमॅटने छापला, पुढे %एसने नावाची स्ट्रिंग. माझ्या 64-बिट लिनक्सवर जीसीसी कंपायलरने, इशारे दाखवणारा -वॉल पर्याय लावूनही, चकार शब्द काढला नाही. मग तोच कोड एका 32-बिट इंटेल यंत्रासाठी बिल्ड झाला. लॉगमध्ये आकार अगदी बरोबर, पण नावाच्या जागी सगळीकडे '(नल)'. नाव कुठे हरवतंय हे शोधत मी दोन दिवस बसले.

नाव हरवलंच नव्हतं. त्या बिल्डमध्ये मोठ्या फाईलींसाठी ऑफ_टी 64 बिटांचा ठेवला होता, लाँग मात्र 32 बिटांचाच. प्रिंटएफला आपण काय दिलंय ते कळत नाही. फॉरमॅट सांगेल तेवढे बाइट तो स्टॅकवरून उचलतो. %एलडीने आठांपैकी खालचे चार बाइट घेतले, म्हणून आकडा खरा दिसला. उरलेला वरचा अर्धा भाग %एसच्या वाट्याला आला. तो शून्य होता, आणि शून्य पत्त्याची स्ट्रिंग ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची सी लायब्ररी, '(नल)' अशी छापते. फाईल 4 जीबीची असती तर तिथे 1 आला असता आणि प्रोग्राम कोसळला असता. जीसीसीचा इशारा या बिल्डमध्ये आला होता, पण शेकडो ओळींत तो कुणी वाचलाच नाही.

मी लगेच %एलएलडी, म्हणजे लाँग लाँगचा फॉरमॅट केला. आता 64-बिटवर इशारा आला! तिथे लाँग आणि लाँग लाँग सारख्याच रुंदीचे असले तरी प्रकार वेगळे. कास्ट, म्हणजे व्हॅल्यूचा प्रकार मुद्दाम बदलणं, लागतो तो इथे: व्हॅल्यू लाँग लाँगमध्ये कास्ट करा आणि मग %एलएलडी लिहा. इशारा गप्प करायला इंटमध्ये कास्ट मात्र कधीही करू नका. 3 जीबीची फाईल -1073741824 अशी छापली जाते आणि कंपायलरही काही बोलत नाही. मला विचाराल तर कास्ट नसलेल्या कोडपेक्षा हा कोड जास्त घातक.

ऑफ_टी आणि टाइम_टी (वेळ) यांच्यासाठी मी आता इंटमॅक्स_टी या सर्वात रुंद पूर्णांकाचा कास्ट आणि %जेडी वापरते. सी भाषेच्या सी99 मानकापासून ही सोय आहे. पिड_टीला (प्रोसेसचा क्रमांक) लाँग आणि %एलडी पुरतं. साइझ_टीला (मेमरीतला आकार) कास्ट नकोच, त्याच्यासाठी %झेडयू आहे. यूआयडी_टी (युजरचा क्रमांक) लिनक्सवर अनसाइन्ड, म्हणजे ऋण न होणारा आहे, म्हणून अनसाइन्ड लाँग. नाहीतर 32-बिटवर 4294967295 ऐवजी -1 दिसेल. मोड_टी (फाईलच्या परवानग्या) अनसाइन्ड इंटमध्ये नेऊन %ओने छापा, परवानग्या ऑक्टलमध्येच सहज वाचता येतात. पीथ्रेड_टी (थ्रेडची ओळख) छापूच नका. पॉझिक्स या युनिक्स मानकाप्रमाणे तो स्ट्रक्टही असू शकतो.

आणि 64-बिट यंत्रावर बसून काम करत असाल तर 32-बिट लायब्ररी टाकून घ्या आणि रोज एकदा -एम32 (32-बिटसाठी बिल्ड करायचा पर्याय) लावून बिल्ड करा. फॉरमॅटच्या इशाऱ्यांना एररचा दर्जा द्या. माझ्या त्या ओळीवर बिल्ड पहिल्याच दिवशी थांबला असता.