पीटर स्टील नास्तिक की कॅथलिक? असा दावा तपासायचा कसा

'टाइप ओ निगेटिव्ह' या अमेरिकन मेटल बँडचा गायक आणि बेसवादक पीटर स्टील (१९६२–२०१०) याच्याबद्दल दोन वाक्यं कायम फिरत असतात. एक, तो पक्का नास्तिक होता. दुसरं, मरणाआधी तो पुन्हा देवाकडे वळला. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींत तारीख नाही, आणि गडबड तिथूनच सुरू होते. माणसाची श्रद्धा वीस वर्षांत बदलू शकते. म्हणून 'तो काय मानत होता?' असा प्रश्न न धरता 'त्याने अमुक साली, अमुक माणसाला, नेमकं काय सांगितलं?' असा धरायचा. त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं.

दावा आधी फोडून घ्या

'तो कॅथलिक धर्मात परतला' या एका वाक्यात निदान पाच दावे दडलेले असतात. घर कॅथलिक होतं. मधली काही वर्षं तो स्वतःला नास्तिक म्हणवत होता. पुढे देवाविषयीचं त्याचं मत बदललं. तो स्वतःला पुन्हा कॅथलिक म्हणवू लागला. तो मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाऊ लागला, संस्कार घेऊ लागला. या प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. देव असावा अशी आशा वाटणं आणि दर रविवारी चर्चमध्ये हजर असणं यांत बरंच अंतर आहे. चाहत्यांच्या पोस्टमध्ये ते एका उडीत पार होतं.

इथे 'धर्मांतर' शब्द वापरूच नका. वसई-गोव्याच्या वाचकांना हे ठाऊक असतं, इतरांसाठी सांगतो : कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा एकदाच होतो आणि तो पुसला जात नाही. लहानपणी बाप्तिस्मा झालेला माणूस चर्चपासून लांब गेला आणि परत आला, तर सहसा तो धर्मगुरूंकडे पापनिवेदन करतो आणि मिस्साला जाऊ लागतो. पापनिवेदन गुप्त असतं आणि त्याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. त्यामुळे 'परतल्याचा दाखला' नावाचा कागद शोधत बसण्यात अर्थ नाही. कोणी तसा कागद पुढे केलाच, तर शंका त्या कागदावरच घ्यावी.

मूळ मुलाखत

परतीच्या दाव्याचा सगळा भार मुख्यतः एका जागी आहे. अमेरिकेतल्या 'डेसिबेल' या मेटल मासिकाने २००७ मध्ये, 'डेड अगेन' अल्बमच्या सुमारास, त्याची मुलाखत छापली. त्यातल्या ज्या उताऱ्याचा दाखला सगळे देतात त्याचा आशय असा : आपण बराच काळ नास्तिक होतो, मध्यमवयात आयुष्यात भराभर उलथापालथ झाली, मरण जवळ दिसू लागलं, मरणाचा विचार आला की पुढचा विचार येतो, आणि मग देव असावा अशी आशा वाटू लागते. स्टालिन-हिटलर आणि मदर तेरेसा शेवटी एकाच जागी जातात हे त्याला पटत नव्हतं.

आता हा उतारा पाच दाव्यांसमोर धरा. तिसरा दावा उभा राहतो, तोही 'आशा' या पातळीवर. पाचव्याबद्दल उताऱ्यात एक अक्षरही नाही. चौथ्यासाठी मूळ पानच बघावं लागतं. 'कॅथलिक' हा शब्द त्याच्या तोंडचा आहे की मुलाखतकाराने प्रास्ताविकात घातलेला, एवढं पाहिलं तरी अर्धं काम होतं.

दुसऱ्या दाव्याची गोष्ट नाजूक आहे. 'मी पूर्वी नास्तिक होतो' हे २००७ सालचं बोलणं आहे. त्यातून २००७ मध्ये तो मागच्या वर्षांकडे कसा पाहत होता एवढं कळतं. १९९३ मध्ये तो काय मानत होता याला १९९३ चीच छापील किंवा ध्वनिमुद्रित मुलाखत हवी. आठवणीतला नास्तिकपणा आणि त्या वेळचा नास्तिकपणा नेहमी जुळतोच असं नाही.

तक्ता करा

साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने असे : बोलल्याची तारीख, छापल्याची तारीख, मुलाखतकार, माध्यम, आधीचा प्रश्न, इंग्रजीतले मूळ शब्द, दुवा, जतन केलेल्या प्रतीचा दुवा, दर्जा.

तारखांचे रकाने दोन का? छापील मासिकाचा अंक मुखपृष्ठावरच्या महिन्याच्या आधीच बाजारात येतो आणि मुलाखत त्याहून काही आठवडे आधी झालेली असते. 'एप्रिलचा अंक' म्हणजे 'एप्रिलमध्ये म्हणाला' नव्हे. दोन मुलाखतींचा क्रम लावताना हा फरक नडतो.

दर्जासाठी आम्ही पाच पायऱ्या धरतो. सर्वांत वर त्याचा स्वतःचा आवाज, प्रश्नासकट. मग प्रश्नोत्तर स्वरूपात छापलेली मुलाखत. मग लेखात इकडून तिकडून पेरलेली अवतरणं. मग बँडमधल्या सहकाऱ्यांच्या किंवा नातेवाइकांच्या आठवणी. तळाला गाण्यांचे शब्द, अल्बमची मुखपृष्ठं, गळ्यातला क्रॉस. मृत्यूनंतर आलेली चरित्रं चौथ्या पायरीवर, पण त्यांत जुन्या मुलाखतींचे संदर्भ असतील तर ते सोनं. तिथून थेट मूळ अंकाकडे जा.

अंत्यविधीही खालच्याच पायरीवर. तो कसा करायचा हे घरचे ठरवतात.

शोध

अवतरणातले चार-पाच सलग, जरा वेगळे शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधा. त्याला before:2010-04-14 असं जोडा, ही त्याच्या मृत्यूची तारीख. मृत्यूनंतर आलेला श्रद्धांजलीचा पूर त्यामुळे बराच ओसरतो. गूगलने लावलेली तारीख मात्र अंदाजी असते. जुनी पानं नव्या तारखेने दिसतात आणि नवी जुन्या.

'ब्लॅबरमाउथ'सारखी मेटलच्या बातम्या देणारी साइट हा पुरावा नाही, पत्ता आहे. मूळ मुलाखत कुठे आली हे तिथे बहुधा लिहिलेलं असतं. दहा साइटांनी तोच उतारा उचलला असेल तर तक्त्यात ओळ एकच येते. स्वतंत्र पुरावा म्हणजे वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाला दिलेलं उत्तर.

दुवा मेलेला असेल तर वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर टाका. जतन केलेल्या पानाच्या पत्त्यात चौदा आकडे असतात : वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. पान त्या दिवशी जतन झालं एवढंच त्यातून सिद्ध होतं. लिहिलं गेलं ते त्याआधी कधीतरी. पत्त्यात चौदा आकड्यांच्या जागी तारांकन टाकलं की त्या पानाच्या सगळ्या प्रती दिसतात. त्यातली सर्वांत जुनी घ्या. २००० च्या दशकातल्या बँडच्या साइट्स बऱ्याचदा फ्लॅश या आता बंद पडलेल्या तंत्रावर चालत, त्यामुळे पान उघडतं पण मजकूर गायब असतो. अशा वेळी त्याच साइटचं बातम्यांचं किंवा नुसत्या मजकुराचं पान सापडतं का बघा.

विकिपीडियाची पायरी टाळू नका, पण उलट्या बाजूने चढा. लेखाच्या इतिहासात जाऊन ते वाक्य कधी घुसलं ते शोधा. 'विकिब्लेम' हे साधन हेच काम करतं. समजा वाक्य एका वर्षी आलं आणि तळटीपेतला लेख दोन वर्षांनंतरचा आहे, शब्दही तेच, तर लेखकाने विकिपीडियावरूनच उचललं असण्याची शक्यता दाट. मग विकिपीडिया लेखाचा हवाला देतो, लेख विकिपीडियावर उभा, आणि खाली जमीनच नाही. अशी गोल फिरणारी अवतरणं या विषयात ढिगाने आहेत.

नव्वदच्या दशकातले परदेशी अंक आपल्याकडच्या वाचनालयांत मिळणं कठीण. इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन शोधा. नसेल तर जुने अंक विकणाऱ्याकडे त्या मुलाखतीच्या पानांचा फोटो मागा. अंक विकत न घेताही पुष्कळ जण देतात. जर्मन मासिकांतल्या मुलाखतींना जपायला हवं. इंग्रजीत बोललेलं जर्मनमध्ये छापलं गेलं आणि चाहत्याने ते परत इंग्रजीत आणलं, तर ते त्याचे शब्द राहत नाहीत. आशय घ्या, अवतरणचिन्हं काढा.

चॅटबॉटने मुलाखतीचा संदर्भ दिला तर अंक, पान आणि मुलाखतकार या तिन्ही गोष्टी वेगळ्या तपासल्याशिवाय तक्त्यात ओळ घालू नका.

थट्टा ओळखा

या बँडच्या बाबतीत ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. २००५ मध्ये त्यांच्या अधिकृत साइटवर थडग्याच्या दगडाचं चित्र झळकलं : पीटर स्टील, १९६२–२००५. लोकांना तो गेला असं वाटलं. ती थट्टा होती. परिणाम असा, की एप्रिल २०१० मध्ये खरी बातमी आली तेव्हा पुष्कळ चाहते ती मानायला तयार नव्हते. १९९२ च्या 'द ओरिजिन ऑफ द फीसेस'मध्ये तर स्टुडिओतल्या मुद्रणावर प्रेक्षकांचा आरडाओरडा चढवून खोटी मैफल उभी केली होती. म्हणजे 'अधिकृत' शिक्का असला की खरं, हा नेहमीचा नियम इथे लंगडा पडतो.

म्हणून उत्तराआधीचा प्रश्न लिहून घ्यायचाच. प्रश्न खोचक असेल, उत्तर एका ओळीचं आणि चटपटीत असेल, तर दर्जा एक पायरी खाली. उत्तर लांब असेल, त्यात स्वतःच्या आयुष्यातली कारणं असतील, तो अडखळत बोलत असेल, तर वर. 'डेसिबेल'चा उतारा दुसऱ्या प्रकारात मोडतो, म्हणून त्याला वजन.

गाण्यांचं उलट. १९९३ च्या 'ब्लडी किसेस'मधल्या 'ख्रिश्चन वुमन'वरून कोणी त्याला धर्मद्वेष्टा ठरवतं, तर 'डेड अगेन'मधल्या 'दीज थ्री थिंग्ज'मध्ये गर्भपाताचा विषय आहे म्हणून कोणी त्याला सनातनी ठरवतं. गाण्यातला 'मी' म्हणजे गायक नव्हे. दोन्ही गाणी तळाच्याच पायरीवर ठेवा.

व्हिडिओ

यूट्यूबवरची तारीख चढवल्याची असते. खरी तारीख आतून काढावी लागते : कोणत्या अल्बमचा उल्लेख 'नवा' म्हणून होतो, मागे कोणत्या दौऱ्याचं पोस्टर आहे, ड्रमवर कोण आहे. सॅल अब्रुस्काटो असेल तर काळ सुरुवातीचा, जॉनी केली असेल तर त्यानंतरचा. स्टीलचा आवाज फार खोल, त्यात तो पुटपुटतो. आपोआप तयार होणारी उपशीर्षकं तिथे हमखास घसरतात. वेग ०.७५ वर ठेवून स्वतः ऐका, आणि हव्या त्या वाक्याच्या आधीची-नंतरची तीस सेकंदं सोडू नका. पुन्हा चढवलेल्या तुकड्यांत नेमका प्रश्नच कापलेला असतो.

निष्कर्ष लिहिताना

वाक्य असं ठेवा : 'कॅथलिक घरात वाढलेल्या स्टीलने २००७ मध्ये डेसिबेल मासिकाला सांगितलं, की आपण बराच काळ नास्तिक होतो, पण मरणाच्या विचाराने देव असावा अशी आशा वाटू लागली.' 'शेवटी त्याला देव सापडला' हे वाक्य यातून निघत नाही. २००७ ते २०१० मधली त्याची आणखी विधानं सापडली तर तीही तारखेसह जोडा, आणि एकमेकांशी जुळत नसतील तरी दोन्ही ठेवा.

संगीतकार जिवंत असेल तर अट आणखी कडक. इंग्रजी विकिपीडियाचाही नियम आहे, की जिवंत माणसाला एखाद्या धर्माच्या वर्गात टाकायचं तर त्याने स्वतः तसं सांगितलेलं हवं. 'बाउहाउस' या इंग्लिश बँडचा गायक पीटर मर्फी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानात राहायला गेला. पत्ता बदलला म्हणजे धर्म बदलला असं होत नाही. त्याचं स्वतःचं विधानच शोधावं लागतं. ऑस्ट्रेलियन गायक निक केव्हचं काम त्यामानाने सोपं आणि तितकंच फसवं : २०१८ पासून 'द रेड हँड फाइल्स' या स्वतःच्या साइटवर तो वाचकांना क्रमांक घातलेली उत्तरं लिहितो, त्यात श्रद्धेवर भरपूर लिहिलं आहे. तिथे पुरावा कमी पडत नाही. कोणीतरी एकच पत्र उचलून तेच त्याचं कायमचं मत म्हणून चिकटवतं. क्रमांक लिहा, आणि त्यानंतरची पत्रंही वाचा.

घरच्यांना फोन करणं, चर्चच्या नोंदवह्या मागणं हे कुठल्याच पायरीवर नाही. माणूस जिवंत असो वा नसो.