पार्कचं तिकीट महागलंय, मग रांगेत वागायचं कसं
सोलापूरहून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं म्हणजे लांबचा प्रवास, त्यात चौघांचं तिकीट, मग आत गेलं की प्रत्येकाला वाटतं पैसे वसूल झालेच पाहिजेत आणि तिथूनच ढकलाढकली सुरू होते. म्हणून आदल्या दिवशीच पोरांना विचारा कुठल्या राइड पाहिजेतच, उंचीची अट पण बघा, नाहीतर तासभर उभं राहून लेकरू रडत परत येतं.

एकानं थांबायचं न मागून सहा जण घुसवायचे हे आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेतल्या पाळण्याला पण करू नका, मागच्या बाईनंही तेवढेच पैसे भरलेत. जादा पैसे देऊन कुणी पुढं गेला तर त्याच्यावर चिडू नका, फ्लोरिडाच्या डिस्नीनं पण 2021 ला रांग टाळायचा फुकटचा फास्टपास बंद करून पैशाची रांग काढली. कडक भाकरी न शेंगाचटणी गाडीतच खाऊन घ्या, डबा आत न्यायचा म्हणून गेटवरच्या पोराशी भांडू नका.