पॅरामेशियमच्या पोटातला सामू डोळ्यांनी बघायचा तर

जमिनीचा सामू, म्हणजे pH (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), आमच्याकडे केळी लावणाऱ्या घराघरांत माहीत असतो. पेशीच्या आतही खोलीखोलीचा सामू वेगळा असतो म्हटलं की मात्र चोपड्याकडची माझी बारावीची पोरं गप्प बसतात. म्हणून दर वर्षी दिवाळीनंतर मी पॅरामेशियम या डबक्यातल्या एकपेशीय जीवावर हा प्रयोग करून घेते. खानदेशच्या उन्हाळ्यात याच्या वाटेला जाऊ नका. एका एप्रिलात माझी अख्खी बरणी दुपारच्या उष्म्यानं मेली.

मूठभर ज्वारीचा कडबा तोडून लिटरभर विहिरीच्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, गाळा, दिवसभर निवू द्या. त्यात डबक्याचं वाटीभर पाणी तळच्या कुजक्या पानांसकट ओता. आठवडाभरात वर साय धरते. सायीखालचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्या: चपलेच्या तळव्यासारखे, गिरक्या घेत पळणारे ते पॅरामेशियम.

आता त्यांचं जेवण. १० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम यीस्ट आणि ३० मिलिग्रॅम काँगो रेड घालून दहा मिनिटं मंद उकळा. हातमोजे घाला, हा रंग अंगाला लागलेला चांगला नाही. आणि पूर्ण गार होऊ द्या. हा रंग ५ च्या वरच्या सामूला लाल असतो, ३ च्या खाली निळा.

काचपट्टीवर कापसाचे चार-पाच तंतू विस्कटून ठेवा. सरकी काढलेला घरचा कापूस चालतो. तंतूंच्या जाळीत पॅरामेशियम अडकतं, नाहीतर नजर पोचेपर्यंत ते पसार. वर बरणीतला एक थेंब, सुईच्या टोकावर मावेल एवढं हे रंगवलेलं यीस्ट, कव्हरस्लिप, आणि कडेनं व्हॅसलीन, म्हणजे थेंब वाळत नाही.

एकच पॅरामेशियम धरा, त्यातली एकच अन्नरिक्तिका (गिळलेल्या अन्नाची पिशवी) धरा, घड्याळ लावा. तोंडाच्या खाचेशी लाल गोळा तयार होतो, सुटतो, आत सरकतो. लहान होत जातो. पाचेक मिनिटांत कडेनं जांभळा, मग निळा. गेल्या वर्षी एक मुलगा भिंगावरून डोळा न काढता ओरडला, "मॅडम, देखा, निळं व्हई गयं!" वर्गातला प्रत्येक जण रांगेत उभा राहिला.

हे आम्ल येतं कुठून? वहीत सगळे लिहितात, "लयकारिकेनं आणलं." चूक. लयकारिका म्हणजे पचनाची विकरं (एन्झाइम) भरलेली पेशीतली पिशवी. पॅरामेशियममध्ये आधी ॲसिडोसोम नावाच्या पिशव्या येऊन रिक्तिकेला मिळतात. आवरणावरचे प्रोटॉन पंप एटीपी हे पेशीचं इंधन जाळून हायड्रोजन आयन, म्हणजेच प्रोटॉन, आत ढकलतात; आम्लता येते ती यांनीच. लयकारिका नंतर विकरं घेऊन येतात, आणि तेव्हा सामू उलट वर चढतो. म्हणून निळा गोळा पुढे परत लालसर होतो. पोरं त्याला नवा घास समजतात. तोंडाजवळचा लाल आणि लांब गेलेला लाल वेगवेगळे लिहायला लावा.

पंप एकट्याचं काम नाही. विहिरीवरची मोटार टाकी भरते आणि टाकी थोडी गळतेही, तसं आत ढकललेलं थोडं बाहेर झिरपतं. पंप आणि गळती जिथं बरोबरीला येतात तिथं सामू थांबतो. पण पाण्याला विद्युतभार नसतो, हायड्रोजन आयनला धन भार असतो. तो आत साठला की पंप जड जातो. मग क्लोराइडसारखा ऋण आयन आत यावा लागतो, किंवा दुसरा धन आयन बाहेर जावा लागतो. हे दार बंद केलं तर पंप धडधाकट असूनही आम्लता वाढत नाही. सामूचा आकडा पंप, गळती आणि हे दार तिघं मिळून ठरवतात.

आपल्या पेशींत पेशीद्रवाचा सामू ७.२ च्या आसपास, गॉल्जी या प्रथिनं पुढे धाडणाऱ्या भागाचा ६ ते ६.७, लयकारिकेचा ४.५ ते ५. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक, म्हणजे लयकारिकेत हायड्रोजन आयन काही शेपट जास्त. तरी ती ३ च्या खाली जात नाही, त्यामुळे काँगो रेड तिथं पुरा निळा होणार नाही. हा रंग पॅरामेशियमलाच शोभतो. लयकारिकांसाठी ओकुमा आणि पूल या संशोधकांनी १९७८ मध्ये सामूनुसार चकाकी बदलणारा रंग पेशींना गिळायला दिला आणि ४.७ ते ४.८ मोजला.

कल्हईवाल्याचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातला अमोनिया आवरणातून सहज आत शिरतो, तिथला हायड्रोजन आयन उचलतो आणि भार आल्यामुळे अडकून पडतो. अशानं लयकारिकेतलं आम्ल उतरतं. क्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषधही असंच आत साठतं.

थेंब फेकू नका. साधारण वीस मिनिटांनी तोच गोळा कडेला येऊन बाहेर टाकला जातो; ती वेळही लिहून घ्या.