आयकर कारवाईची स्थानिक बातमी कशी तपासावी

‘सराफ बाजारावर आयकरचा छापा, कोट्यवधींचे घबाड, व्यापाऱ्यांचे धाबे दणाणले’ अशा थाटाचे शीर्षक जिल्हा आवृत्तीत झळकले की त्या बाजारातली आणि त्या समाजातली मंडळी वृत्तपत्राला लगेच पक्षपाती ठरवून मोकळी होतात. पक्षपात असतोही, मात्र तो उघड खोट्या माहितीत क्वचितच सापडतो आणि शब्दांच्या निवडीत, आकड्यांच्या उगमात व नंतरच्या मौनात अधिक असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून सर्व वृत्तपत्रांची कात्रणे तारीख आणि पान क्रमांक लिहून जपावीत.

प्रथम कारवाई नेमकी कोणती झाली ते पाहावे. १९६१च्या आयकर कायद्यात कलम १३२ची झडती आणि कलम १३३अची पाहणी या दोन भिन्न गोष्टी होत्या (२०२५च्या नव्या कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले असले तरी हा भेद कायम आहे). झडतीत घर आणि लॉकरही तपासता येतात व रोकड जप्त करता येते. पाहणी मुख्यतः व्यवसायाच्या जागी होते आणि तीत रोकड जप्त करता येत नाही. बातमीदार दोहोंनाही ‘छापा’च म्हणतो. अन्य तीन वृत्तपत्रांनी ‘पाहणी’ लिहिले असताना एकानेच ‘धाड’ लिहिले असेल, तर ती पहिली खूण समजावी. ‘सापडले’ आणि ‘जप्त केले’ यांतही असाच फरक असतो. आयकर खात्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९४च्या सूचनेनुसार विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने झडतीत जप्त करायचे नसतात, त्यामुळे घरात दिसलेले सगळे सोने बातमीच्या बेरजेत घेतले की आकडा आपोआप फुगतो.

आकड्यांसाठी जालन्याचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. ऑगस्ट २०२२मध्ये तेथील पोलाद उद्योगाशी संबंधित दोन गटांवर झडती झाली, तेव्हा माध्यमांत ३९० कोटींच्या बेहिशेबी मालमत्तेचा आकडा आणि वऱ्हाडाचे स्टिकर लावून आलेल्या अधिकाऱ्यांच्या गाड्या गाजल्या. मंडळाच्या पत्रकात जप्तीचा हिशेब ५६ कोटींहून अधिक रोकड आणि १४ कोटींहून अधिक किमतीचे दागिने असा होता, आणि गटांची नावे त्यात नव्हती. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असू शकतात, पण वाचकाच्या मनात ‘३९० कोटी सापडले’ एवढेच राहते. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर ‘पत्रक’, ‘पंचनामा’ किंवा ‘सूत्रे’ असा उगम पेन्सिलीने लिहावा. ‘समजते’ आणि ‘बोलले जाते’ यांचा खाना सर्वांत आधी भरतो.

यानंतर जात किंवा समाजाचा उल्लेख तपासावा. कमीपणा येईल अशा संदर्भात जातीचा उल्लेख टाळावा, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे (प्रेस कौन्सिल) संकेत सांगतात. कारवाई चार पेढ्यांवर झाली असताना चौकटीत संपूर्ण समाजाचा उल्लेख आला असेल, तर आक्षेपाला भक्कम आधार मिळतो.

उलट दिशेचा पक्षपातही शोधावा, आणि माझ्या मते तोच अधिक रुजलेला आहे. दिवाळी पुरवणीत पूर्ण पानाची जाहिरात देणाऱ्यावर कारवाई झाली की तो ‘शहरातील एक नामांकित समूह’ होतो, तर लहान दुकानदाराचे नाव गल्लीसकट छापले जाते. अधिकृत पत्रकात नाव नसताना कोणाचेच न छापणे योग्य. एकाचे छापून दुसऱ्याचे झाकणे हा पक्षपात. आपल्याच समाजातील बड्या माणसाला मिळालेली ही सवलत आक्षेपाच्या पत्रात लिहिण्याचे धैर्य मात्र फार थोड्या संघटनांकडे असते.

आक्षेप संपादकाला लेखी पाठवावा. शिष्टमंडळ नेऊन जाहिराती बंद करण्याची धमकी देऊ नये, कारण त्यातूनच वर सांगितलेला उलट दिशेचा पक्षपात जन्माला येतो. समाजाच्या अस्मितेवर तीन पाने लिहिण्याऐवजी तारीख, पान, छापलेले वाक्य, योग्य वाक्य आणि त्याचा पुरावा एवढेच सहा-सात ओळींत द्यावे. दखल घेतली गेली नाही, तर दैनिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. सोबत कात्रण, त्याचे इंग्रजी भाषांतर आणि संपादकाशी झालेला पत्रव्यवहार जोडावा. परिषद दंड करू शकत नाही. ताकीद देणे, कानउघाडणी करणे किंवा निषेध नोंदवणे एवढेच तिच्या हाती आहे.

कात्रणांची फाईल एवढ्यावर बंद करू नये. करआकारणी, आयुक्तांकडील अपील आणि अपिलीय न्यायाधिकरण यांत अनेकदा वर्षे जातात, आणि न्यायाधिकरणाचा आदेश संकेतस्थळावर उपलब्ध होईपर्यंत बातमीदाराची बदलीही झालेली असते. निकाल कोणत्याही बाजूने लागो, आदेशाची प्रत मूळ कात्रणासह संपादकाला पाठवावी आणि ‘छापा’ ज्या पानावर आला होता त्याच पानावर निकालाला जागा मागावी.