डीव्हीडी अडकली? आधी गोल पुसणं थांबवा

उन्हाळ्यात मराठवाड्यातला धुरळा दारं लावली तरी घरात येतोच. तो डीव्हीडीवर बसला की शर्टाच्या टोकानं गोल गोल पुसायची सवय सगळीकडे आहे, आणि बऱ्याच डिस्क याच सवयीनं वाया जातात. डीव्हीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सलग गोल रेषेत असते. गोल पुसताना धुळीच्या कणानं ओरखडा उठला, की तो त्या रेषेवरूनच लांबवर धावतो. एवढी सलग तूट प्लेअरला भरून काढता येत नाही. मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडंसंच खातो, तो चालून जातो.

आता नेहमीची तक्रार घ्या: सिनेमा मध्यंतराजवळच अडकतो. ८.५ जीबीची डिस्क दोन थरांची असते. पहिला थर आतून कडेपर्यंत वाचला जातो, दुसरा बहुतेक सिनेमांत कडेकडून परत आत. म्हणजे सिनेमाचा मधला भाग येतो कडेला, नेमकी जिथं बोटं लागतात. तेलकट हातानं डिस्क धरली की ती तिथंच अडकणार. थर बदलताना क्षणभर चित्र थांबणं हा मात्र बिघाड नाही. स्ट्रीमिंगवर बोटानं सिनेमा पुढे सरकवायची सवय लागलेले तेवढ्यात रिमोट बडवायला लागतात, त्यानं काहीच साधत नाही.

डाग असेल तर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, गार पाणी आणि बोटाचं टोक एवढं पुरे. शेवटी फिल्टरचं पाणी ओता, बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके राहतात. मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ टिपा. टूथपेस्ट घासू नका. ब्ल्यू-रेवर तर मुळीच नको, तिथं माहिती पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर खोल असते.

नवी डिस्कही अडकते? मग दोष बहुधा प्लेअरच्या लेन्सचा. डिस्क धूत बसू नका.

डीव्हीडीसाठी जगाचे भाग पाडलेत, त्यांना रीजन म्हणतात; डिस्क आणि प्लेअरचा रीजन जुळला नाही तर डिस्क सहसा चालत नाही. अमेरिकेतून आणलेली डीव्हीडी बहुधा रीजन १ ची असते, आपले प्लेअर रीजन ५ चे. विकत घ्यायच्या आधी वेष्टणावरचा आकडा बघा.

डिस्क पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या काचेमागं ठेवू नका, वाकते.

रुंद पडद्याच्या टीव्हीवर माणसं बुटकी नाहीतर आडवी ताणलेली दिसत असतील तर डिस्क थांबवून प्लेअरच्या सेटअपमध्ये जा आणि पडद्याचा आकार (रुंदी:उंची) ४:३ चा १६:९ करा. सिनेमा चालू असताना बऱ्याच प्लेअरमध्ये ही सेटिंग बदलत नाही.